बेल आणि बटण

शिवपुत्राला सरकारी माणसांचा एवढा पुळका कधीपासून आला, हे नीलम्माला सकाळपासून उमगत नव्हतं. एरवी तलाठी दारात आला तरी बसल्या जागेवरून ‘काय काम काढलं’ म्हणून विचारणारा हा साठीला टेकलेला मुलगा. आज ती माणसं नको नको म्हणत असताना त्यानं दोनदा चहा पुढं केला, केळी आणून ठेवली, पंखा त्यांच्याकडं वळवला, आणि एवढं करून खोलीतून पाय म्हणून काढीना. पोरीला बघायला पाहुणे आल्यावर बाप जसा दारातल्या दारात घोटाळतो, तसा घोटाळत होता. आलेली माणसं चार. दोन साहेब, एक पोलीस, एक कॅमेरा धरलेला. पंच्याऐंशीच्या वरच्यांचं मत आता घरी येऊन घेतात, आणि नीलम्माला शहाऐंशीवं लागलेलं, वर श्रावणात न्हाणीत पाय घसरून खुबा मोडलेला. राहायला ती धाराशिवात, शिवपुत्राच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात. पण नाव होनाळवाडीच्या यादीत, म्हणून आज तिला गाडीत घालून गावच्या घरी आणलं होतं. दसरा झाल्यावर गावी आलेली असताना तिनं घरच्या मताच्या अर्जावर सही ठोकली, तेव्हाही हा चिडला होता. यंदा राहू दे की अव्वा, एका मतानं काय होतंय, म्हणाला. एका मतानं काय होतं, हे नीलम्माला विचारावं.

साहेबानं विचारलं, आजीला सोबतीला कुणी लागेल का, तर तिच्या आधी शिवपुत्रच उठला. गेल्या खेपेलाही तोच उठला होता. तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि बटण तिच्या वतीनं त्यानंच दाबलं होतं. या वेळी ती म्हणाली, डोळे आता नवे हाईत, सोबत नको. तो खाली बसला, पण बसता बसता तिच्या कानाशी वाकून पुटपुटला, तीन नंबर. मग टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, तिच्या हातात पेन दिलं आणि कागद दिला. कागद बघून तिला आधी बरं वाटलं. किती वर्षांनी मताचा कागद हातात आला होता. बटणाला काय, ते ‘पीं’ करतं आणि गप बसतं. कागद हातात खरखरतो. नावं तिला वाचता येत नव्हती. माहेर आळंदकडचं, दोन यत्ता झाल्या त्या कानडी शाळेत, आणि इकडं आल्यावर मराठी अक्षर शिकवायला कुणाला सवड होती. आकडे तेवढे ती एसटीच्या पाट्यांवरून शिकली. पण आता नावाशेजारी फोटो असतो. सात नावं, सात फोटो. तिनं वरून खाली पाहिलं, मग खालून वर. बाजारात दावं तोडून गेलेली आपली म्हैस शोधावी, तशी एकेका तोंडावरून नजर फिरवली. कृष्णराज त्यांत नव्हता.

आण्णासाहेबांचा कृष्णराज. बाप आमदार होता, बापाच्या मागं लेक. पंधरा वर्षं झाली, दर दिवाळीला तो धाराशिवच्या घरी येतो, पाटावर बसतो, आणि नीलम्मा त्याला ओवाळते. या दिवाळीलाही आला होता, अजून पंधरवडा झाला नाही. कुंकू लावताना तिनं त्याचं तोंड नव्या डोळ्यांनी नीट पाहिलं होतं. बापासारखंच नाक, एका बाजूला जरा झुकलेलं. ते नाक या कागदावर कुठंच नव्हतं. ती आडोशामागूनच म्हणाली, सायेब, कागद चुकलाय तुमचा, ह्याच्यात आमचा मानूस न्हाय. कोण हवाय ते तिनं सांगितलं. दोघांतला लहान साहेब जागचा हलला नाही, बस किती वाजता आहे ते सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाला, “आजी, ते ओढ्यापलीकडच्या मतदारसंघात उभे आहेत. तुमचं गाव दोन हजार नऊपासून इकडच्या मतदारसंघात आहे.” शिवपुत्र लगबगीनं कपबशा गोळा करायला लागला, त्यांचा किणकिणाट नीलम्माला आडोशामागं ऐकू आला. पुठ्ठ्यामागं ती बराच वेळ बसली. काय केलं ते कॅमेऱ्यालाही दिसलं नाही. मग कागदाची घडी घातली, पाकिटात घातली, साहेबानं पाकीट चिकटवून घेतलं, दुसऱ्या कागदावर तिची सही घेतली. बोटाला शाई लागली. सगळं रीतसर झालं.

आता गाडी धाराशिवला परत निघाली होती. मागच्या सीटवर दोन उशा लावून ती बसलेली, पुढं शिवपुत्र एकटाच, आणि आरशात त्याचे डोळे सारखे वर येत होते. गाव सुटलं तसं त्यानं विचारलं, अव्वा, तीनलाच केलंस ना. तिनं खिडकीकडं तोंड वळवलं. बाहेर ज्वारी गुडघ्याला आलेली, तुरीला पिवळी फुलं, आणि मग ओढा आला. हा तो ओढा. चार सिमेंटचे नळे, वर डांबर, खाली वाळलेलं गवत आणि कुणाची तरी फाटकी चप्पल. यात रेघ कुठं होती. नीलम्मानं मान वळवून मागं पाहिलं. अलीकडची माती तीच, पलीकडची तीच, बाभूळ दोन्हीकडं सारखी वाकडी. या ओढ्यावर तिनं पन्नासावर वर्षं धुणं धुतलं, अर्धा पदर या काठावर, अर्धा त्या काठावर वाळवला. म्हणजे अर्धा पदर एका आमदाराचा नि अर्धा दुसऱ्याचा होता का. तिला हसू आलं.

रेघा काय तिला नव्या नव्हत्या. ती हलली नाही, रेघाच हलत राहिल्या. लग्न होऊन आली तेव्हा माहेर आणि सासर एकाच हैदराबाद राज्यात. सासू सांगायची, पहिल्या मताला गेले तेव्हा यादीत माझं नावच न्हवतं, ‘सिद्धेश्वरची आई’ एवढंच लिव्हलेलं, आन् आमचा आमदार लांब हैदराबादेत बसायचा. मग एका वर्षी कुणीतरी कुठंतरी कागदावर पट्टी ठेवली आणि तिचं माहेर म्हैसुरात गेलं. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. आमदार हैदराबाद सोडून मुंबईला बसायला लागला आणि नीलम्माला त्याचा पत्ता लागला तो कितीतरी महिन्यांनी, भाऊ पंचमीला मूळ घेऊन तिला माहेरी न्यायला आला तेव्हा. तो म्हणाला, अक्का, आता तू परमुलखातली झालीस. पण माहेर सुटलं का? पंचमीला ती गेलीच की. मागल्या वर्षी जिल्ह्याचं नाव बदललं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. तिला त्याचं काय, सासू मरेस्तोवर धाराशिवच म्हणत होती. नावं बदलली, मुलूख बदलले, चिन्हं तर आठवड्याच्या बाजारासारखी बदलली. पण माणूस ज्याला शब्द देतो तो शब्द कुठं राहायला असतो? गावात, का घरात, का त्या माणसाच्या नाकात? गाव हललं तर शब्द गावाबरोबर हलतो का ओढ्याच्या या काठावर उभा राहून नुसता बघत बसतो? तिचा सगळा गुंता व्हायला लागला. मघाशी साहेब ‘इकडच्या’ म्हणाला तेव्हा त्यानं हात पूर्वेला केला होता का पश्चिमेला, हेही आता आठवेना.

बेल उचलला ते साल पंच्याऐंशी. आण्णासाहेब तेव्हा पहिल्यांदाच उभे होते, तरणे, मळक्या पांढऱ्या जीपमधून हिंडायचे. होनाळवाडीच्या महादेवाच्या देवळात बैठक झाली. बाप्ये पुढं, बाया बाहेर पारावर. पिंडीवरचा बेल आणि भंडारा ताटात ठेवला होता, एकेकानं हात लावून शब्द द्यायचा. नीलम्माच्या नवऱ्याचा, सिद्धेश्वराचा नंबर आला तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्या घरात शब्द बायकोचा चालतो, आळीतल्या चाळीस बायाही तिचंच ऐकतात, तिला आत बोलवा. गाव हसलं. नीलम्मा आत गेली ती गजराबाईचा हात धरून, कारण एवढ्या बाप्यांत एकटीनं जायची लाज वाटली. शेजारची गजरा, भिंतीला भिंत, एका जात्यावर दोघींची दळणं, एकीचं पोर दुसरीच्या अंगावर प्यालेलं. दोघींनी एकाच पानाला हात लावला. आमच्या घरचं मत तुमच्या घरातनं हलणार न्हाय, हे नीलम्मा म्हणाली, आणि गजरा तिच्या मागं पुटपुटली. तेवढ्यावर ती थांबली नाही. बायांची मतं वाया जायची ती शिक्क्यात नाही, घडीत. शिक्का बरोबर मारायच्या, कागद आडवा दुमडायच्या, ओली शाई दुसऱ्याच्या खान्यात उमटायची, मत बाद. म्हणून मताच्या आधी आठ दिवस त्या दोघींनी नीलम्माच्या अंगणात शाळा घातली. रद्दीचे तुकडे, वाटीत कालवलेलं कुंकू, आणि शिक्का म्हणून कापलेली भेंडी. उभी घाल गं बाई, उभी. ती बघ, उमटली, तुझा नवरा शेजारणीचा झाला. बाया हसून हसून लोळायच्या. गजरा सगळ्यांची घडी उलगडून बघायची आणि बाद झालेल्यांना पुन्हा करायला लावायची. आण्णासाहेब त्या वर्षी एकशे बारा मतांनी आले. गुलाल घेऊन ते आधी तिच्या अंगणात आले आणि म्हणाले, वहिनी, म्या तुमच्या घडीवर निवडून आलो. एका मतानं काय होतं म्हणे.

नऊ साली उन्हाळ्यात सिद्धेश्वर गेला आणि शिवपुत्रानं तिला धाराशिवला नेलं. तिथं तिला खिडकीतून समोरच्या घराची पाण्याची टाकी दिसायची, दुसरं काही नाही. त्याच वर्षी मत आलं. शिवपुत्र म्हणाला, आण्णासाहेब थकले, आता कृष्णराज उभे हाईत. चिन्ह बदललंय, नंबर ध्यानात ठेव, तीन. पोस्टर कसं दिसत न्हाय रे गावात, तिनं विचारलं होतं. आता सरकारनं पोस्टर लावायची बंदी केलीय, तो म्हणाला, आणि तिनं ते ऐकलं. ऐकलं कसं? तिला आता स्वतःच्याच कानाचा राग आला. पण त्या दिवसांत तिला सगळंच खरं वाटायचं. सिद्धेश्वर मेला हे जिथं खरं होतं, तिथं पोस्टरचं काय घेऊन बसायचं. आणि तिनं गावातल्या बायांना एकेकीला फोन लावून सांगितलं, तीन नंबर. चौदा साली सांगितलं, पाच. त्यानंतरच्या खेपेला पुन्हा तीन, ते सांगायला शिवपुत्रानंच फोन लावून तिच्या कानाला धरला होता. यंदा अजून सांगायचं होतं, आज घरी गेल्यावर.

गाडी घाटाला लागली आणि कानात दडे बसले. त्या दड्यांच्या आत तिला गजराबाईचा आवाज ऐकू आला, नऊ सालचा, शाळेच्या व्हरांड्यातला. मताची रांग होती. गजरा मत देऊन बाहेर आलेली, बोटावरची शाई पदराला पुसत होती. नीलम्माला बघून ती हसली होती. नीट आठवलं तर हसलीच होती, छद्मी नाही, दुपारचं दळण आटपल्यावर हसावी तशी. म्हणाली, “नीलम्मा, गाव आपलं वड्याअलीकडं काढलं गं. सुटला बेल आपला.” आणि नीलम्मा, नवरा जाऊन चार महिने झालेली, अंगावर पांढरं, वड्याचं काही न उमजता ‘सुटला बेल’ एवढंच ऐकून शंभर माणसांच्या रांगेत म्हणाली होती, “बेल सुटत नसतो गजरे, मानूस सुटतो. तू देव इकलास.” गजराचं तोंड तेव्हा कसं झालं होतं? नीलम्मानं इतकी वर्षं ते तोंड चोराचं म्हणून आठवलं होतं. आता पुन्हा आठवायला गेली तर ते चोराचं दिसेना. ते तोंड न कळल्याचं होतं. गजराला कळलंच नव्हतं की ही काय बोलते. कारण गजराला आदल्याच दिवशी निरोप आला होता, नीलम्माचाच, तीन नंबर. तीन नंबरचा माणूस कोण ते गजराला वाचता येत होतं. गजरा चौथी शिकलेली.

म्हणजे. नीलम्मानं उशीवरून पाठ उचलली, खुब्यात कळ आली, ती तशीच बसली. म्हणजे साऱ्या आळीला माहीत होतं. चाळीस बायांना माहीत होतं की आता नीलम्माच तीन म्हणते, पाच म्हणते. नीलम्माच अलीकडच्या नव्या उमेदवाराचा नंबर पोचवते. तो माणूस निवडून आला त्याच वर्षी शिवपुत्र बाजार समितीवर गेला, आणि तिनं पेढे वाटले होते. गावाला काय वाटलं असेल? की म्हातारीनं पोराच्या खुर्चीसाठी बेल मोडला आणि वर गजरीच्या नावानं शंख केला. आपलं ठेवायचं झाकून. तिच्या तोंडावर कुणी बोललं नाही. तिच्या तोंडावर बोलायची गावात कुणाची छाती होती? तिनं तोंडच तसं ठेवलं होतं. आणि कृष्णराज? त्याला तर रेघ माहीत होती, त्याच्या बापाचीच अर्धी गावं कापली गेली होती. तरी तो दर दिवाळीला येऊन पाटावर बसत होता, जिचं मत त्याला पोचूच शकत नव्हतं तिच्यापुढं डोकं वाकवत होता. थट्टा म्हणून का माया म्हणून? जाताना एकदा म्हणाला होता, काकू, तुमच्या मताची मला कधी काळजी वाटली न्हाय. तेव्हा तिला भरून आलं होतं. आता त्या वाक्याचं काय करायचं ते समजेना. आणि कागदावरच्या या रेघा मारणारा माणूस, त्याला तरी ठाऊक होतं का की पट्टीच्या खाली एक बेलाचं पान आलंय? पंधरा वर्षं आपण विधानसभेत होतो तरी कुणाच्या तोंडानं? ज्याला पाठवलं वाटलं त्यानं आपल्याला नेलं नाही, ज्यानं नेलं त्याला आपण ओळखत नाही. मधल्या मधे नीलम्मा नावाची बाई कुठं होती?

सहा वर्षांमागं गजराचा नवरा गेला. शिवपुत्रानं फोनवर ऐकलं आणि येऊन सांगितलं. नीलम्मा त्या दिवशी लुगड्याची घडी घालत होती. दाराला दार लावून चाळीस वर्षं राहिलेली माणसं. कोणतीही बाई उठून बसायला गेली असती, वैरीण असली तरी. ती म्हणाली, देव इकलेल्यांच्या दारात म्या जात न्हाय. आणि हा, आता पुढं गाडी चालवणारा, तेव्हा दारात चौकटीला धरून उभा होता. त्याचं तोंड उघडलंही होतं. तिला आज तंतोतंत आठवलं, ओठ हलले होते. मग मिटले, आणि तो म्हणाला, तुझी मर्जी, अव्वा.

“गाडी उभी कर,” ती म्हणाली.

तुळजापूर दिसायला लागलं होतं, वळणावर एक पपईची गाडी, तिच्या पलीकडं मोकळी जागा. शिवपुत्रानं गाडी तिथं घेतली. पाणी पाहिजे का, उलटी होतेय का, असं एकदोन विचारून पाहिलं. मग तो स्वतःच बोलायला लागला, आरशात न बघता, समोरच्या काचेशी. अप्पा गेलेले, तुझं बीपी वाढलेलं, डॉक्टर म्हणाले होते धक्का बसेल असं काही सांगू नका. एकदा सांगितलं नाही, मग दुसऱ्यांदा सांगायचं कसं. रेघ काय मी मारली का, सरकारनं मारली. गावाला रस्ता आणायचा तर जो आमदार आहे त्याच्याकडंच जावं लागतं. पलीकडच्याला मत देता येत नाही, मग अलीकडच्याला दिलं त्यात पाप काय. यातलं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. हेच नीलम्माला भारी पडत होतं. एकेक धागा ओढून बघितला तर तुटत नव्हता, आणि सगळं मिळून फाटलेलं होतं. ती त्याच्या मानेकडं बघत होती. मानेवरचे केस पांढरे झालेले, सिद्धेश्वरासारखा तिथं एक खळगा. लहानपणी या खळग्याला ती तेल लावायची. अंगणातल्या त्या शाळेत हा असाच पाठमोरा बसलेला असायचा, विशीतला, बायांच्या घड्या मोजायला आलेला. एकदा हसत म्हणाला होता, अव्वा, एवढं काय शिकवत बसायचं, सगळ्यांचे कागद मीच दुमडून देतो की. आणि ती हसली होती. सगळ्या बाया हसल्या होत्या. गजरा तेवढी हसली नव्हती. का हसली नव्हती, ते नीलम्मानं तेव्हा विचारलं नाही.

तो पुन्हा म्हणाला, बरं, झालं ते झालं, आज तीनलाच केलंस का तेवढं सांग.

नीलम्मानं शाई लागलेलं बोट दुसऱ्या हातात घट्ट धरलं. डोक्यातला गुंता सुटला नव्हता. बेल सुटला का नाही, हे तिला अजून ठरवता येत नव्हतं, ते कदाचित गजराला विचारावं लागणार होतं. पण एक गोष्ट मात्र समोर लख्ख होती, नव्या डोळ्यांना दिसावी तशी.

“कागद कोरा हाय,” ती म्हणाली. “आता गाडी फिरव. गजराबाईच्या दारात म्या गाडीतच बसंन, माझं पाय चालत न्हाईत. तू उतरायचं. तीन कुनी सांगितलं, पाच कुनी सांगितलं, समदं आळीला ऐकू जाईल असं तुझ्या तोंडानं सांगायचं. मंग ती ये म्हणली तर म्या खुरडत का होईना आत जाईन, न म्हणली तर न्हाय. रेघ सरकारनं मारली, व्हय. पर तू त्या रेघंवर माझं नाव वाळत घातलंस. चाळीस बायांला घडी शिकवली रं शिवा म्या, एकीची चुकू दिली न्हाय. पोटच्याची तेवढी उलगडून बघायची राहिली. शाई समदी माझ्या खान्यात उमटलीया. तू बाद.”